रायगडला जाताय? आधी पाचाडला उतरा

ह्या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित अवतार. ज्यांच्या इअरफोनची एकच बाजू चालते त्यांच्यासाठी, आणि ज्यांना गर्दीत उभ्या उभ्या वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठीही. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आज विषय रायगड नाही. रायगडाच्या खालचं गाव, पाचाड.

आधी कबुली देतो. मी रायगडला चार वेळा गेलोय. दोनदा पायऱ्यांनी, दोनदा रोपवेने. चारही वेळा पाचाड म्हणजे माझ्यासाठी शेवटचा चहा, गाडी लावायची जागा आणि 'अरे पाण्याच्या बाटल्या घेतल्या का?' एवढंच होतं. गावात काय आहे हे मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, 'जिजाऊंची समाधी आहे बहुतेक.' तीही मी बघितली नव्हती.

पाचव्या वेळी आईला घेऊन गेलो. तिचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत, आणि रोपवेचा पाळणा खालून बघितल्यावर तिने तिथल्या तिथे निकाल दिला, "हवेत लटकून मी कुठेही येणार नाही. तुम्ही जा वर, मी गावात बसते." मित्र वर गेले. मी आईबरोबर पाचाडला परत आलो, थोडा वैतागूनच. पण त्या एका दिवसात मला रायगड जेवढा कळला तेवढा आधीच्या चार चढायांमध्ये कळला नव्हता.

तर पाचाड कुठे आहे? रायगड जिल्हा, महाड तालुका. महाडपासून साधारण 25 किलोमीटर. पुण्याहून येणारे ताम्हिणीने उतरून येतात, मुंबईहून येणारे गोवा हायवेने. गावातून पुढे गेलं की पाचाड खिंड लागते. एक रस्ता चित दरवाजाकडे जातो, जिथून पायऱ्या सुरू होतात. दुसरा हिरकणीवाडीला जातो, जिथे रोपवे आहे. सगळ्या गाड्या गावाच्या मधून सुसाट त्या खिंडीकडे जातात. रोपवे 1996 पासून चालू आहे. चढायला जिथे दोन तास लागायचे ते काम चार-पाच मिनिटांत होतं. सोय उत्तमच, वयस्कर माणसांनाही गड दिसायला लागला (माझी आई सोडून). पण पायथ्याशी थांबायचं कारणच संपलं.

आता मुद्द्यावर येतो. गडाकडे आपण बघतो ते वरून. दरवाजे, बुरूज, राजसदर, होळीचा माळ, जगदीश्वर, समाधी. सगळं वर. पण एक साधा प्रश्न विचारा: वर राहणारी माणसं जेवत काय होती?

पाणी वर होतं. गंगासागर तलाव आजही आहे, टाकी आहेत. धान्य मात्र वर पिकत नव्हतं. जो दाणा वर शिजला तो खालून वर चढला. आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, तर एक ढोबळ हिशोब करू. हा आकडा कुठल्याही कागदपत्रातला नाही, निव्वळ माझा अंदाज आहे. समजा गडावर 2000 माणसं राहतात आणि माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य लागतं. म्हणजे रोज 1000 किलो. एक माणूस डोक्यावर 25 किलो घेऊन चढला तर रोज 40 खेपा. फक्त धान्याच्या. सरपण, तेल, मीठ, गूळ, जनावरांचा चारा वेगळा.

आणि पावसाळ्यात काय? कोकणातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. ते चार महिने वाट घसरडी, ओढे फुगलेले. म्हणजे आगोटीची बेगमी मे महिन्यातच वर जायला हवी. चार महिन्यांचं धान्य 120 टन, खेपा 4800. तुम्ही एकदा फक्त पाठीवरची सॅक घेऊन त्या पायऱ्या चढलात की हा आकडा मांड्यांना कळतो.

हे सगळं सामान आधी कुठेतरी यायला हवं, उतरायला हवं, मोजायला हवं, साठवायला हवं. ती जागा म्हणजे पाचाड. घोड्यांचंही तसंच. हजारोंचं घोडदळ गडाच्या माथ्यावर ठेवून उपयोग काय? घोडा सपाटीवर हवा, हुकूम आला की निघायला मोकळा. म्हणून घोडदळाचा तळ आणि गडाची रसद पाचाडला असायची असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. वर राजधानी आणि खाली तिचं कोठार, पागा, बाजार, चौकी. खालचं बंद पडलं तर वरचं किती दिवस चालणार? कोठार संपेपर्यंत. किल्ल्याला वेढा घालतात तो याच गणितावर. तट फोडायची गरजच नसते, वर जाणाऱ्या वाटा बंद केल्या की पुढचं काम भूक करते.

आता एक गोष्ट सांगतो. एपिसोड ऐकून सगळ्यात जास्त मेसेज ह्यावर आले.

मे 1674. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालली आहे. मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीचा वकील निघाला, हेन्री ऑक्झेंडन. सोबत दुभाषा नारायण शेणवी. चौलपर्यंत पाण्याने, पुढे रोहा-अष्टमी, निजामपूर करत तो पाचाडला पोचला. निजामपूर म्हणजे तेच, ताम्हिणीहून माणगावला जाताना आपल्याला लागतं ते. साडेतीनशे वर्षांपूर्वी हा माणूस त्याच भागातून धूळ खात आला होता.

पाचाडला पोचल्यावर त्याला काय कळलं? महाराज गडावर नाहीत. प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेलेत. मग काय, बसा पाचाडला. कंपनीचा वकील असलात तरी खालीच थांबा. तीन-चार दिवस पायथ्याशी काढून मग त्याला वर जायला मिळालं. म्हणजे पाचाड ही रायगडाची देवडी होती असं म्हणा. कोण आलं, कशाला आलं, वर सोडायचं की नाही, हे खाली ठरत असणार.

ऑक्झेंडन 6 जूनला दरबारात हजर होता. त्याने लिहून ठेवलेल्या नोंदी आज राज्याभिषेकाच्या अभ्यासात फार महत्त्वाच्या मानल्या जातात. पण मला आवडतो तो त्या मुक्कामातला खाटीक. हा किस्सा जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या पुस्तकात आहे, 1698 साली छापलेल्या. गडावर ह्या साहेबलोकांना रोज अर्धा बोकड लागायचा. तो पुरवणारा खाटीक म्हातारा होता. एवढं मांस त्याच्याकडून आधी कित्येक वर्षांत मिळून खपलं नव्हतं. तर हा म्हातारा एक दिवस अख्खा गड चढून वर आला. कशासाठी? एवढं मांस खाणारी माणसं दिसतात तरी कशी, हे बघायला!

सिंहासन, मोर्चेल, तोफा, सगळं ठीक आहे. पण तो म्हातारा धापा टाकत वर आला आणि इंग्रजांकडे टक लावून उभा राहिला, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की 1674 एकदम जवळ येतं.

परत पाचाडला येऊ. गावात तीन गोष्टी बघायच्याच.

पहिली, जिजाऊंचा वाडा. वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाकडी खांब आणि चौक येत असेल तर तसं काही नाही. चौकोनी तटबंदी आहे, आत इमारतींची जोती आहेत, विहिरी आहेत, मधे गवत. आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही दोघं आणि एक म्हैस. उतारवयात जिजाऊंना गडावरची थंड हवा आणि वारा मानवत नव्हता, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली हा वाडा बांधला असं सांगतात. मी हे आईला सांगितलं. ती एका जोत्यावर बसली होती, गुडघा चोळत. म्हणाली, "बघ. त्यांनाही वर झेपत नव्हतं." आणि एवढी खूश झाली की विचारू नका. सकाळपासून आपल्यामुळे पोराची ट्रिप वाया गेली हा जो चेहरा होता तो गेला.

मलाही तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ही गोष्ट किती घरगुती आहे. मुलगा स्वराज्याची राजधानी बांधतोय, आणि आईला ती हवा सोसत नाही. मग तो काय करतो? तिला खाली, पायथ्याशी, वारा कमी लागेल अशा जागी घर बांधून देतो. तटबंदीसकट.

दुसरी गोष्ट, तक्क्याची विहीर. पायऱ्यांची बांधीव विहीर आहे, आणि तिच्यापाशी दगडात केलेली बैठक, पाठ टेकायला दगडी तक्क्या. जिजाऊ इथे बसायच्या, पाण्याला आलेल्या बायकांशी बोलायच्या, गावची खबरबात घ्यायच्या असं गावात सांगतात. ही ऐकीव गोष्ट आहे, शिलालेख वगैरे नाही. पण विचार करा, गावात नेमकं काय चाललंय हे कळायला विहिरीपेक्षा चांगली जागा कुठली? सासू कशी वागते, धान्य मोजताना कोण माप मारतं, कुणाचा नवरा मोहिमेवरून परत आला नाही. दरबारात हे कुणी सांगणार नाही. विहिरीवर अर्ध्या तासात कळेल.

तिसरी, समाधी. राज्याभिषेक 6 जून 1674 ला झाला. जिजाऊ गेल्या 17 जूनला, पाचाडलाच. अकरा दिवस. इंग्रज वकील तह करून नुकताच परतीला लागला होता. वर मांडव उतरवत असतील, पाऊस सुरू झाला असेल, आणि खाली वाड्यात हे. शाळेत दोन्ही तारखा पाठ केल्या होत्या, पण वेगवेगळ्या ओळीत. त्यामधलं अंतर मी कधी मोजलंच नव्हतं. समाधीपाशी उभं राहिल्यावर मोजलं. आता तिथे बाग केलेली आहे, जागा शांत आहे. आई तिथे बराच वेळ बसली. मी फोटो काढायला फोन काढला आणि परत ठेवला.

आता चालणाऱ्यांसाठी. गड चढायचा नसेल तरी इथे चालायला भरपूर आहे, आणि गाड्यांची घाई तिथे पोचत नाही.

पाचाड खिंडीतून दहा-पंधरा मिनिटं चढलं की एक गुहा आहे, वाघबीळ. नाचणटेपाची गुहा असंही म्हणतात. ट्रेकर लोक तिला 'गन्स ऑफ पाचाड' म्हणतात, कारण तिला तीन तोंडं आहेत. तुम्ही रील बघितलं असेल, नाव माहीत नसेल एवढंच. दुपारी आई एका घरी पडवीत टेकली तेव्हा मी तेवढ्यात जाऊन आलो. रीलमध्ये काय दाखवत नाहीत ते सांगतो. गुहेच्या तोंडातून खाली बघा. पाचाड दिसतं, भातखाचरं दिसतात, रस्ता दिसतो. आणि मागे वळून गडाकडे बघा, कातळ अंगावर येतो. गड, खिंड, गाव, वाटा सगळं एका नजरेत येतं. इथे पहारा ठेवला तर खालून येणारा माणूस अर्धा तास आधी दिसेल. मी तिथे बसून आमची गाडी शोधत होतो आणि ती खरंच सापडली.

जास्त चालायची हौस असेल तर रायगड प्रदक्षिणा आहे. गडाला पायथ्याने पूर्ण वळसा. चित दरवाजाकडून निघून रायगडवाडी, टकमक टोकाच्या खालचं रान, काळकाईची खिंड आणि परत हिरकणीवाडीकडे. पंधरा किलोमीटरच्या आसपास, निवांत चालीत सहा-सात तास. टकमक वरून बघताना पोटात गोळा येतो, खालून बघताना मान मोडते. जंगलातले फाटे फसवे आहेत, त्यामुळे पहिल्यांदा जाताना गावातला माणूस सोबत घ्या. मॅपच्या भरवशावर जाऊ नका. नेटवर्क मधेच जातं, आणि मॅपला ढोरवाट आणि पायवाट ह्यातला फरक कळत नाही. हे मी रोज सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस सांगतोय.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे मिटून जा. पावसाळ्यात पाचाड सुंदर दिसतं, हे खरं. पण पावसाळ्याबद्दल जरा गंभीर बोलायचंय.

जुलै 2024 मधला तो व्हिडिओ आठवतोय? रायगडाच्या पायऱ्यांवरून पुरासारखं पाणी येतंय आणि लोक कठड्याला धरून उभे आहेत. त्यानंतर प्रशासनाने गड काही काळ पर्यटकांसाठी बंद ठेवला. तरी 'आम्ही एवढ्या लांबून आलोय' म्हणून वाद घालणारे होतेच. त्यांना एकच सांगतो. जुलै 2021 मध्ये ह्याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. ही आपल्यासाठी शनिवार-रविवारची जागा आहे, पण इथले लोक बाराही महिने डोंगराखाली झोपतात. त्यांनी 'आज जाऊ नका' म्हटलं तर तो हवामानाचा सगळ्यात भरवशाचा अंदाज समजा आणि चहा पिऊन परत फिरा.

6 जूनला आणि तिथीने येणाऱ्या राज्याभिषेक दिनाला सोहळ्यासाठी जात असाल तर जरूर जा, एकदा अनुभवावंच. पण गाव बघायला ते दिवस नाहीत. तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

महाडहून पाचाडकडे एसटी असते, पण गाड्या मोजक्या. महाड स्थानकावर परतीची शेवटची वेळ विचारूनच पुढे जा. महाडला हाताशी दोन तास असतील तर चवदार तळ्यावर जा. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला ते हेच तळं. सकाळी चवदार तळं आणि दुपारी तक्क्याची विहीर. दोन्ही ठिकाणी पाणीच, पण ते कुणाला मिळायचं आणि कुणाला नाही, ह्याचा विचार एकाच दिवसात दोनदा करावा लागतो. मला तो करावा लागला.

जेवणाचं सांगतो. हॉटेलं आहेत. पण गावात घरगुती जेवण मिळतं, ते आधी सांगून ठेवायचं. सकाळी वाड्याकडे जाताना सांगितलंत की दुपारी भाकरी, पिठलं, ठेचा, वर ताक. ऐनवेळी दहा जण जाऊन 'लगेच वाढा' म्हणू नका, चुलीवरची भाकरी आहे ती. रोख पैसे ठेवा, कारण नेटवर्क नसेल तर यूपीआयचं चाक नुसतं फिरत राहतं आणि समोरची मावशी संकोचाने 'राहू द्या, नंतर द्या' म्हणते. तो नंतर कधी येत नाही. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत घेऊन जा. जे वर चढवलं ते खाली आणायला कुणीतरी लागतंच, तो हिशोब आजही तोच आहे.

एका श्रोत्याने विचारलंय, "पाचाडला बघण्यासारखं एवढं कमी आहे, तर पूर्ण दिवस कशाला?" कमी आहे, बरोबर. वाडा पंधरा मिनिटांत फिरून होतो. फलक वाचून संपतात. पण आम्ही ज्या घरी जेवलो तिथल्या आजींनी आईला गडावर दही-ताक विकायला जायचे दिवस सांगितले. पहाटे उठायचं, मडकी डोक्यावर, चढ संपेपर्यंत थांबायचं नाही कारण ऊन वर आलं की ताक आंबतं. हिरकणीची गोष्ट दंतकथा आहे की खरी ह्यावर मी कॉलेजात तावातावाने वाद घातलाय. आजींचं ऐकताना मला त्या वादाचं काही वाटेनासं झालं. बाई दूध घेऊन वर जाते आणि दरवाजे बंद व्हायच्या आत तिला घरी पोचायचं असतं, ह्यात दंतकथा कुठली?

संध्याकाळी पाचला मित्र उतरले. दमलेले, लाल झालेले, फोनमध्ये दोनशे फोटो. मेघडंबरी, टकमक, सूर्य. आईने सगळे बघितले, अगदी शेवटपर्यंत. मग एकाने सहज विचारलं, "काकू, तुम्ही दिवसभर काय केलं? कंटाळलात ना?"

आई म्हणाली, "छे रे. मी जिजाऊंकडे होते." आणि आजींनी दिलेली आमसुलांची पुरचुंडी पिशवीत नीट ठेवायला लागली.